ध्यान करून उठलो की थोड्या वेळात डोकं परत तापतं, शांतता दिवसभर टिकवायची कशी?

हिशेबनीस_जुळेसोलापूर | रविवार रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज विचारूनच टाकतो. मी जुळे सोलापूरला राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटला हिशेब बघतो. घरी बायको, दहावीतली मुलगी आणि वडील. वडील मिल कामगार होते, आता वय झालंय, विसरायला लई होतं, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितलाय.

तर पहाटे उठून हेडफोन लावून ॲपवर ध्यान करतो, त्यात खंड नाही. बसलेलो असतो तोवर खरंच छान वाटतं, सगळ्यांविषयी चांगलं वाटतं. उठलो की सगळं गायब. पाण्याचा दिवस असला तर बघायलाच नको. आपल्याकडं चार-पाच दिवसाआड पाणी, ते पण कधी पहाटे कधी रात्री, आणि आमच्या लाईनीतला एकजण नळालाच थेट मोटर जोडतो, त्याची मोटर घर्रर्र सुरू झाली की आमच्या हौदात धार बारीक होते आणि इकडं माझं डोकं फिरतं. त्यात वडील दर थोड्या वेळानं बाहेर येऊन विचारतात, "भोंगा झाला का रे? डबा दे माझा." मिल बंद पडून कित्येक वर्षं झाली. पहिल्यांदा मी नीट सांगतो की अण्णा मिल बंद झाली, तुम्ही आता रिटायर आहात. पण तेच तेच ऐकून आवाज चढतोच, आणि मग ते गप्प होऊन कॉटवर बसून राहतात ते बघवत नाही.

ऑफिसात वेगळीच तऱ्हा. मी कुणाला नाही म्हणत नाही म्हणून सगळ्यांची बिलं, सगळ्यांचं जीएसटी माझ्या टेबलावर. चांगलं वागलं की मन शांत राहतं म्हणतात, मला तर चांगलं वागून जास्त त्रास होतोय. तर विचारायचं हे की ही शांतता दिवसभर टिकते का कुणाची? आणि दयाळू राहून माणूस खरंच सुखी होतो का लोक डोक्यावर बसतात? मोठं मोठं तत्त्वज्ञान नको, तुम्ही स्वतः रोज काय करता ते सांगा.


मौनात_बरं | रविवार रात्री ११:२५

दादा चांगला प्रश्न विचारलात. मी इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलंय, गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं, १९७६ पासून ते केंद्र चालू आहे आणि फी काहीच नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. दहा दिवस असतात, पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, बाकी काही नाही. मग पुढं अंगावर जे जे जाणवतं ते बघायचं, खाज, ठणका, उष्णता, काही पण, आणि त्याला धरायचं पण नाही ढकलायचं पण नाही.

हे सांगायचं कारण, तुम्ही ध्यानात छान वाटणं शोधताय असं मला वाटतं. छान वाटणं येतं आणि जातंच. ध्यानात कमवायचं असतं ते वेगळं, राग अंगात चढायला लागला की लगेच कळणं. राग आधी अंगात येतो दादा, डोक्यात विचार नंतर येतो. मोटरचा आवाज आल्या आल्या तुमची कानशिलं तापत असतील, दात आवळले जात असतील, पोटात खड्डा पडल्यासारखं होत असेल. ते तिथंच पकडा. तेव्हा श्वास सोडताना जरा लांबवायचा, घेतला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, मेंदूपासून पोटापर्यंत गेलेला एक मोठा मज्जातंतू आहे व्हेगस नावाचा त्याचं हे काम, म्हणून उच्छ्वास लांब केला की शरीराला इशारा मिळतो की धोका टळला. चार-पाच श्वासात राग जात नाही पण बोलण्याआधी फट मिळते.

आणि एक सुचवतो, पटलं तर बघा. हेडफोन काढा. ॲपमधला समुद्राचा आवाज नको. घरात वडील खोकतायत, कुकर वाजतोय, शेजारी स्कूटर चालू होत नाहीये, हे सगळं ऐकू येत असतानाच बसा. सगळं बंद करून बसायची सवय लागली की मग जे काही बंद होत नाही त्याचा राग येतो.

शिबिरात दहाव्या दिवशी मौन सुटतं ना, मंगल मैत्री पण त्याच दिवशी शिकवतात. सगळ्यांचं भलं होवो ही भावना आणि माणसांशी परत बोलायला लागणं एकाच दिवशी. मला त्यात फार अर्थ दिसतो.


हजार_बिडी | सोमवार सकाळी ७:५०

वरचं सगळं वाचलं, पण स्पष्ट बोलते, मला थोडं टोचलं. श्वास लांब करा म्हणजे नळाला मोटर लावणारा मोटर काढणार आहे का? शहराला रोज पाणी मिळत नाही हा प्रश्न श्वासाचा नाही. शांत राहा शांत राहा म्हणत म्हणत माणूस भांडायचंच विसरतो, आणि सोलापूर काही असं गाव नाही. १९३० ला याच गावात मार्शल लॉ लागला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे फासावर गेले, धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. त्यांनी श्वास मोजत घरात बसायचं ठरवलं असतं तर?

आता प्रश्नाचं उत्तर. माझी आई बिड्या वळायची. मी पण वळल्यात, शाळेतून आल्यावर. पानं रात्री भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दोरा बोटाला गुंडाळलेला. मजुरी हजारावर. हजार पूर्ण नाही तर मजुरी पूर्ण नाही, त्यात कारखान्यात तपासताना खराब म्हणून काढून टाकतील त्या वेगळ्या. आईच्या आयुष्यात ध्यानाला जागा नव्हती, पण मी तुम्हाला सांगते ती सुखी बाई होती, आणि ती माझी आई म्हणून मी हे सांगत नाहीये. दुपारी आमच्या वाड्यात सगळ्या बायका एका ओळीत बसायच्या, निम्म्या तेलुगू बोलणाऱ्या, दोन-तीन कानडी, बाकी आमच्यासारख्या. हात चालू, तोंड चालू. कुणाला ताप आला, कुणाचं पोर आजारी, की तिचे कमी पडायला लागायचे. तेव्हा काही न बोलता बाकीच्या आपापल्यातल्या थोड्या थोड्या बिड्या तिच्या सुपात टाकायच्या. थँक्यू नाही काही नाही. पुढच्या महिन्यात दुसरीला लागलं की तिला. मला दया म्हटलं की ते सूपच दिसतं. मनात काय वाटतं त्याला कुणी विचारायचं नाही, कमी पडलंय ना मग भरा.

तुमच्याकडं असं कोण आहे दादा? पाच वाजता कुणाला फोन करून सांगता येतं का की आज अण्णांनी लई दमवलं? तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही, ॲप, मोटरवाला, ऑफिसातली माणसं आहेत. मित्र एक पण नाही. बायको पण एका शब्दात आली आणि गेली. मला तिथं खोट दिसते.


मौनात_बरं | सोमवार सकाळी ९:०५

ताई तुमचं सुपाचं वाचून गहिवरलो. मोटरचं मात्र मी गप्प बसा असं म्हटलेलं नाही. बोलायचं तर आहेच, रागात थरथरत बोललो की आपण काय बोललो तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं, मोटर राहते बाजूला. चारी हुतात्म्यांच्या धैर्याला मी हात जोडतो, पण धैर्य आणि चिडचिड वेगळी ना ताई.


सिस्टर_रिटायर्ड | सोमवार दुपारी २:१५

बाळा, मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात वॉर्डात काम केलं. बाकीचं मागून, आधी तुझ्या वडिलांचं बोलते.

ते भोंग्याचं विचारतात तेव्हा त्यांना मिल बंद झाली हे सांगत जाऊ नको. तुला वाटतं तू माहिती देतोयस, त्यांच्यासाठी ती दर वेळी नवी बातमी असते. म्हणजे दिवसातून किती वेळा त्या माणसाची नोकरी जाते बघ. असे पेशंट शब्द विसरतात, पण आपल्याशी कुणी कसं बोललं त्याची भावना मागं राहते. कशामुळं वाईट वाटतंय ते आठवत नाही, वाईट वाटणं तसंच असतं, आणि मग ते आणखी बेचैन होऊन आणखी विचारतात. वाद घातला की त्यांचा त्रास वाढतो.

त्याऐवजी असं कर. "भोंगा झाला का" म्हटले की "वेळ आहे अजून अण्णा, चहा घ्या आधी." खोटं बोलायचं पाप वाटलं तर वेळ आहे सुद्धा म्हणू नको, त्यांनाच विचार, "अण्णा तुमचा नंबर कुठल्या पाळीला होता?" "साच्यावर, म्हणजे मागावर, तुमच्या बाजूला कोण असायचं?" जुन्या आठवणी बऱ्याचदा शाबूत असतात. बोलू दे. एक रिकामा डबा त्यांच्या हाताशी ठेव, त्यात चुरमुरे नाहीतर शेंगा घालून. डबा हातात आला की कितीतरी वेळ गप बसतील. संध्याकाळी अंधार पडायला लागला की या लोकांचं जास्त वाढतं, तर दिवा उन्हं उतरायच्या आधीच लाव, टीव्हीचा आवाज कमी कर. तुमची पाण्याची धावपळ त्याच वेळी असेल तर कुणीतरी एकजण अण्णांजवळ बसायचा, भांडी भरायला दुसरा. मुलगी दहावीला आहे ना, पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसली तरी चालतं, त्यांना माणूस जवळ असल्याशी मतलब.

आता तुझा दयेचा प्रश्न. वॉर्डात नवीन मुली यायच्या, पहिल्या वर्षी प्रत्येक पेशंटबरोबर रडायच्या. दोन वर्षांत त्यातल्या काही दगड व्हायच्या, पेशंट हाक मारतोय आणि या मोबाईलमध्ये. रडणाऱ्या आणि दगड झालेल्या याच त्या मुली. दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगावर ओढून घेतलं की माणूस तुटतो, आणि तुटू नये म्हणून मन बंद करतो. ज्या टिकल्या त्या वेगळं करायच्या. पेशंटला दुखतंय, आत्ता माझ्या हातात काय आहे? उशी सरकवणं आहे, ओठ ओले करणं आहे, नातेवाईकाला खुर्ची देणं आहे. तेवढं नीट करायच्या आणि पुढच्या कॉटकडं जायच्या. घरी जाऊन जेवायच्या सुद्धा नीट. त्यांना कधी मी चिडलेलं बघितलं नाही असं नाही, पण त्यांचं चिडणं तिथल्या तिथं संपायचं.

ऑफिसातल्या कामाचं माझं मत कडक आहे. नाही म्हणता येत नाही म्हणून दुसऱ्याचं काम करणं याला मी दया म्हणत नाही. त्यात तुला त्यांची भीती आहे, ते नाराज होतील याची. दया केली की हात हलका होतो, भीतीनं केलं की रात्री झोपताना हिशेब निघतो मी याचं केलं त्याचं केलं. तुला हिशेब निघतोय, पोस्टमध्येच दिसतोय.

आणि मोटरवाल्याशी पाण्याच्या दिवशी बोलायचंच नाही. मधल्या कोरड्या दिवशी संध्याकाळी जा, एकटा नको, लाईनीतली दोन वडीलधारी माणसं घे. त्याच्या घरात पण म्हातारं माणूस असेल, लहान पोर असेल, विचार आधी. मग सांग की पहिला इतका वेळ मोटर नको, सगळ्यांचे हौद होऊ दे. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर सगळ्यांच्या सह्यांनी महापालिकेला अर्ज. त्यात दयेला कुठं बाधा येत नाही.


धोटा_चालू_हाय | सोमवार रात्री ९:३०

सिस्टर तुम्ही लई भारी लिवलाव ओ. मी भवानी पेठेतला, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आमचे चार पावरलूम हायत. लोकं विचारतात एवढ्या खडखडाटात डोकं कसं शांत राहतंय. मी सांगतो, शेडमधी माझं डोकं सगळ्यात शांत असतंय, घरी नाही.

चार माग एकटा बघालोय म्हणल्यावर दुसरा विचारच करता येत नाही. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा, इकडून तिकडं पळालाय, कुठल्या मागाची कांडी संपत आली, कुठं ताण्याचा धागा तुटला, ते डोळ्यांनी बघायच्या आधी कानाला कळतंय, आवाज बदलतोय थोडासा. धागा तुटलेला कळला नाही तर चादरीत लांबच्या लांब डाग जातो, तो माल मग सेकंडमधी. म्हणून मन तिथंच लागतंय. कुठंतरी वाचलं होतं की जागेपणीचा निम्म्याच्या जवळपास वेळ माणसाचं मन हातातल्या कामात नसतंच, आणि मन भटकलेलं असताना माणूस कमी खूष असतो, मग काम कुठलं का असेना. मला ते शंभर टक्के पटलं. घरी जेवताना माझा हात ताटात आणि डोळे मोबाईलमधल्या सुताच्या भावात, तिथंच बायकोशी खटके. आता जेवताना मोबाईल कपाटावर, बस एवढंच करालोय मी. फरक हाय.

अजून एक सांगायचंय, ते जरा लांबेल पण सोलापूरचंच हाय. आमच्या शेजारी एक लिंगायत आजोबा होते, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसात नंदीध्वजांची मिरवणूक बघायला मला खांद्यावर घेऊन जायचे. त्यांनी सांगितलेली आपल्या गावच्या दैवताची, सिद्धरामेश्वरांची कथा. बाराव्या शतकातली गोष्ट, आपलं गाव तेव्हा सोन्नलगी. सिद्धराम महाराज म्हणजे नुसती जपमाळ ओढणारे योगी नव्हते, लोकांना घेऊन तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापन केली, पाणी आणि अन्न लोकांना मिळावं म्हणून राबले. तर तिथं अल्लमप्रभू नावाचे संत आले आणि त्यांना वड्डर म्हणून हाक मारली, म्हणजे माती खणणारा. शिष्य भडकले, दगड घेऊन धावले, आणि खुद्द सिद्धरामांचा राग असा पेटला की कथेत तिसरा डोळाच उघडला म्हणतात, आग लागली. अल्लमप्रभूंना काही झालं नाही. ते म्हणाले एवढी कामं केलीस लोकांसाठी, पण हा राग तर तसाच हाय की आत. मग सिद्धराम विचारात पडले आणि पुढं कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांकडं गेले, तिथं शरणांच्या, म्हणजे त्यांच्या भक्तांच्या, मंडळीत राहिले.

आजोबा ही कथा सांगून एवढंच म्हणायचे की तळं तर सोडलं नाही ना त्यांनी, तळं आज पण हाय, देवळाच्या भोवती. काम पण पाहिजे आणि आतलं बघणं पण पाहिजे. एकट्या चांगल्या कामानं राग जात नाही हे आपल्या गावच्या दैवताच्या कथेतच हाय, मग तुमचं आमचं काय घेऊन बसालाव. लिंगायतांत कायक आणि दासोह म्हणतात बघा, आपलं काम मन लावून करायचं आणि त्यातलं चार माणसांना वाटायचं. मी पद्मशाली हाय, पण मला हे आपलंच वाटतंय.


हिशेबनीस_जुळेसोलापूर | सोमवार रात्री ११:१०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सिस्टर, डब्याचं आजच करून बघितलं. त्यांनी उघडला, शेंगा खाल्ल्या, मला पण दिल्या, आणि पाळीचं विचारल्यावर जॉबरचं म्हणजे मुकादमाचं नाव, गेटवरच्या चहावाल्याचं नाव, सगळं सांगत बसले. आमची मुलगी अभ्यास सोडून ऐकत होती.

हजार_बिडी ताई, तुमचं मित्राचं वाचून बायकोला पोस्ट दाखवली. ती म्हणाली मला आधी सांगितलं असतं तर मीच हे लिहिलं असतं. ती पण दमलेली आहे, दिवसभर अण्णांचं तीच बघते आणि मी येऊन फक्त शेवटचा तास बघून चिडतो. आम्ही दोघं बरंच बोललो.

पण एक शंका राहिली. हे सगळं असून सुद्धा मला कधी कधी काहीच बरं वाटत नाही, झोप तुटते, पहाटे उठून ध्यानाला बसतो ते खरं तर झोप येत नाही म्हणूनच. हे पण मनाच्या अशांतीतच धरायचं का?


समुपदेशक_होटगीरोड | मंगळवार सकाळी ८:२०

ही शेवटची ओळ वाचली म्हणून लिहितोय. मी समुपदेशनाचं काम करतो.

झोप वारंवार तुटणं, आवडीच्या गोष्टीत पण मन न लागणं, भूक बदलणं, हे दोन आठवड्यांच्या वर सलग चालू असेल तर त्याला अशांती म्हणून ध्यानानं ढकलत राहू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात डिमेन्शियाचा माणूस सांभाळणाऱ्यांना हे होतं, खूप जणांना होतं, तुमच्या पत्नीचं पण बघा, मला त्यांची जास्त काळजी वाटते. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि अजून कितीतरी जणांना माहीत नाही. फोन करायला वेड लागलेलं असावं लागत नाही, नुसतं दमलोय म्हणून पण करता येतो.

आता सुखाचं थोडं, कारण या धाग्यात जे लोक अनुभवातून बोललेत ते अभ्यासात पण दिसतं. हार्वर्डमध्ये १९३८ ला एक अभ्यास सुरू झाला, काही तरुण मुलं आणि बोस्टनच्या गरीब वस्तीतली पोरं घेतली आणि त्यांच्या अख्ख्या आयुष्याचा माग काढला, नंतर त्यांच्या मुलाबाळांचा पण, अजून चालू आहे. म्हातारपणी कोण निरोगी आणि समाधानी राहिलं ते बघितलं तर पैसा-प्रसिद्धीपेक्षा जवळची नाती कशी होती यावरून जास्त कळत होतं. ताईंच्या वाड्यातलं सूप ते हेच.

दुसरा एक प्रयोग २००८ चा. लोकांना सकाळी पाकिटात पाच नाहीतर वीस डॉलर दिले, निम्म्यांना सांगितलं स्वतःवर खर्च करा, निम्म्यांना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूष, आणि पाच होते का वीस यानं फरक पडला नाही. पण दादांचा प्रश्न इथंच महत्त्वाचा आहे, कारण देण्यातलं सुख आपण आपल्या मर्जीनं दिलं तरच लागतं, गळ्यात पडलं म्हणून दिलं की तो आनंद येत नाही. सिस्टरांनी भीतीचं म्हटलं ते एकदम बरोबर. ऑफिसात कुणी काम आणलं तर लगेच हो म्हणायची गरज नाही, "बघून सांगतो, दुपारी सांगतो" एवढं म्हणा. त्या दोन तासांत कळतं की मला हे करायचंय का टाळता येत नाहीये.

नवीन गाडी, नवीन घर, पगारवाढ यांचं सुख का टिकत नाही असं पण इथं कायम विचारतात. मनाला सवय होते, जे रोज तेच असतं त्याची नोंद घेणं मन बंद करतं. माणसांची तेवढी सवय होत नाही, कारण माणूस रोज तोच नसतो. तुमचे अण्णा तर नाहीतच.


सिस्टर_रिटायर्ड | मंगळवार दुपारी १:००

१९३८ वाचून आठवलं, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले ते त्याच साली. पाच डॉक्टरांचं पथक भारतातून गेलं होतं, तिकडं युद्ध चालू होतं म्हणून. बाकीचे परत आले, हे तिथंच राहिले, तिथली भाषा शिकले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेले, वय फक्त ३२. आमच्या काळात नवीन मुलींना मी भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक बघून यायला सांगायची. भाषा येत नाही असल्या पेशंटच्या उशाशी रोज उभं राहणं म्हणजे काय ते नर्सलाच कळतं.

हिशेबनीस बाळा, झोपेचं अंगावर काढू नको. आणि बायकोला आठवड्यातून एक दुपार पूर्ण मोकळी दे, तिनं कुठं जायचं ते तिचं तिनं ठरवायचं.


हजार_बिडी | मंगळवार संध्याकाळी ६:४५

समुपदेशक सर, नंबर आमच्या वस्तीच्या ग्रुपवर टाकला. आणि मौनात_बरं दादा, धैर्य आणि चिडचिड वेगळी हे तुमचं मान्य. मी ट्यूशन घेते, पोरांवर ओरडायच्या आधी तो श्वास सोडून बघितला, ओरडले तरी शेवटी, पण त्या पोरानं गणित का केलं नाही ते आधी विचारून घेतलं, आणि कारण खरंच होतं.

कुणाला हवं असेल तर, आषाढीच्या आधी शेगावची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते तेव्हा आमच्या बायका भाकरी-पिठलं करून नेतात. तिथं कुणी चपला शिवून देतं, कुणी फुकट दाढी करून देतं, कुणी पाय चेपतं. ज्याला जे येतं ते. दादा तुम्ही पण या, अण्णांना पण आणा, बसवू कुठं तरी सावलीत. तुम्हाला हिशेब येतो ना, पिठाचा आणि डाळीचा हिशेब कुणालाच जमत नाही आमच्यात.


हिशेबनीस_जुळेसोलापूर | मंगळवार रात्री १०:०५

ताई नक्की येतो, पीठ-डाळ माझ्याकडं लागली. मोटरवाल्याकडं गुरुवारी जायचं ठरलंय, लाईनीतले दोघं तयार झालेत. डॉक्टरांची वेळ पण घेतली, दोघांचीही.

सिस्टर, एक शेवटचं. आज अण्णा डबा घेऊन थेट गेटच्या बाहेर निघाले होते मिलला जायला, शेजारच्या मुलानं आणून सोडलं. त्यांना कोंडून ठेवायला मन होत नाही, काय करायचं?


सिस्टर_रिटायर्ड | मंगळवार रात्री १०:३०

कोंडू नको, घाबरतात आणि दार बडवतात. दाराला एक कडी अगदी वर लाव नाहीतर अगदी खाली, त्यांची नजर नेहमीच्या उंचीवरच जाते. चपला दारात ठेवू नको, चपला दिसल्या की निघायची आठवण होते. शर्टाच्या आतल्या बाजूला खिशाजवळ कापडी पट्टी शिवून घे, त्यावर नाव, पत्ता, तुझा आणि सुनेचा नंबर, न धुपणाऱ्या शाईनं, चिठ्ठी ठेवलीस तर ते काढून टाकतील. कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, रिक्षा स्टॉपवाले यांना अण्णांचा फोटो दाखवून सांगून ठेव. आणि रोज सकाळी ऊन चढायच्या आत तूच त्यांना फिरवून आण, एक चक्कर, डबा हातात असू दे. मिलला जाऊन आल्यासारखं झालं की दुपारी निवांत झोपतील.